धबधब्याचे दर्शन : कोणी जावे, कसे जावे

पाऊस स्थिरावला, नद्या गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहू लागल्या, की आपल्या भागातील मंडळींना धबधब्यांची आठवण होते. घटप्रभेचा गोकाक, शरावतीचा जोग, गोव्याच्या सीमेवरचा दूधसागर ही नावे घरोघरी निघू लागतात आणि रविवार साधून माणसे शिदोरी घेऊन बाहेर पडतात. यात विचार करण्यासारखे ते काय, असे कोणी विचारील. डोळे आहेत ते सुंदर वस्तू पाहण्यासाठीच. तथापि मनुष्याची कोणतीही कृती केवळ आवडते म्हणून निर्दोष ठरत नाही. धबधबा पाहावयास जाणे हा निव्वळ उपभोग आहे की त्याहून काही अधिक, हा प्रश्न थोरांसमोरही एकदा उभा राहिला होता.

१९२७ साली महात्मा गांधी म्हैसूर संस्थानात खादीकार्यासाठी फिरत होते. त्यांच्यासमवेत काकासाहेब कालेलकर होते. काकासाहेब साताऱ्यास जन्मलेले, बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकविलेले, आणि नद्यांचे तर निस्सीम भक्त. जोगचा प्रपात काही मैलांवर आला तेव्हा गांधीजींनी तो पाहावा असा आग्रह त्यांनी धरला. गांधीजींनी नकार दिला. अशा हौशी पुरवीत बसणे आपल्याला शोभणार नाही, असा त्यांचा भाव होता. प्रपाताच्या उंचीचे वर्णन ऐकून, पाऊस तर त्याहूनही उंचावरून पडतो, असे त्यांनी हसत सुचविले. महादेवभाईंना तरी पाठवावे, या विनंतीसही त्यांनी मान्यता दिली नाही; महादेवचा जोग मीच आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. परंतु काकासाहेबांना मात्र, तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही अवश्य गेले पाहिजे, असे सांगितले. हा प्रसंग काकासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत नोंदविला आहे.

वरवर पाहता यात रसिकतेचा अभाव दिसेल. पण नीट पाहिले तर एका प्रश्नाची तीन माणसांसाठी तीन उत्तरे येथे मिळतात. ज्याने आपला प्रत्येक दिवस लोकांच्या कामी वाहिला आहे, त्याला तो दिवस स्वतःच्या सुखासाठी मोडून घेता येत नाही. ज्याचे चित्त एका ठिकाणी पूर्णपणे रमले आहे, त्याला दुसरे स्थान शोधावे लागत नाही. आणि जो पाहिलेले शंभर विद्यार्थ्यांना वाटणार आहे, त्याच्यासाठी तेच जाणे कर्तव्य ठरते. गुण वा दोष धबधब्यात नाही. जाणाऱ्याच्या जीवनकार्याशी त्या जाण्याचा जो संबंध आहे, त्यात आहे. स्वधर्माचा विचार सहलीलाही लागू पडतो, तो असा.

यावर एक आक्षेप सहज येईल. मग दुकानदाराने, कारकुनाने, चुलीपुढे जन्म काढणाऱ्या गृहिणीने जाऊच नये काय? त्यांच्यापाशी ना खादीकार्य, ना विद्यार्थी. उपयोग असेल तरच सौंदर्य पाहावे असे म्हटले, तर सौंदर्य उपयोगाचे दास होईल. हा आक्षेप खरा आहे. संसारी मनुष्याला आपल्या हिशेबाच्या वहीबाहेर, आपण न घडविलेले, आपल्याला न विचारता कोसळणारे असे काहीतरी पाहण्याची गरज असते. त्याने मन नम्र होते, आणि नम्र होऊन परतणे हेही काही थोडे नव्हे. तेव्हा सामान्य माणसाने जावे, आनंदाने जावे. मात्र त्याने दोन प्रश्न बरोबर न्यावेत : मी काय पाहिले, आणि माझ्या आनंदाची किंमत कोण देतो?

पहिला प्रश्न जोगलाच विचारावा. राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी अशा चार धारांनी शरावती तेथे सुमारे ८३० फूट खाली येते. हा प्रपात पाहून विश्वेश्वरय्यांना वाया जाणाऱ्या शक्तीची हळहळ वाटली, अशी कथा सांगतात. १९४८ साली तेथे वीजकेंद्र सुरू झाले आणि १९६४ साली वरच्या अंगास लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले. तेव्हापासून धारांचे बळ बरेचसे मनुष्याच्या हाती आले. उन्हाळ्यात जाणारा प्रवासी ओला कडा पाहून कुरकुरतो, आणि घरी परतताच दिव्याचे बटण दाबतो. त्या दिव्यासाठी धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, कुटुंबे उठली, जंगल बुडाले. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कडा पाहिला, पण जोग पाहिला असे म्हणता येणार नाही. अभियंत्याची हळहळ खोटी नव्हती आणि रसिकाचीही नाही. पण घर गेलेल्याचे दुःख या दोहोंच्या आधी मोजले पाहिजे.

दुसरा प्रश्न दूधसागराला विचारावा. सुमारे हजार फुटांची ती शुभ्र धार आगगाडीच्या पुलासमोरून उतरते, आणि तिचे पाणी पुढे खांडेपार नदीला मिळते. त्याच नदीवरील ओपा येथून फोंडा व पणजीच्या बाजूस पिण्याचे पाणी जाते. धबधब्याखाली फोडलेली बाटली वा टाकलेले उष्टे पान कोणाच्या घागरीच्या वाटेवर पडते, याचा उलगडा यातून व्हावा. जुलै २०२३ मध्ये बुडून मृत्यू झाल्यानंतर गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यातील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली; तरी रूळ तुडवीत जाणारे गेलेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणानजीकच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत लहान मुले, वाहून गेली. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस काही क्षणांत खाली लोंढा होऊन येतो; आपल्या डोक्यावर आकाश मोकळे आहे, हा भरवसा तेथे कामाचा नाही. 'माझा जीव, माझी मर्जी' असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की त्याला शोधण्यासाठी दुसऱ्या कोणा घरचा कर्ता मुलगा त्याच पाण्यात उतरतो. साहस जोपर्यंत स्वतःपुरते असते, तोपर्यंतच ते साहस. दुसऱ्याच्या जिवावर केले, की तो अविचार.

देवदर्शनास जाताना आपण पादत्राणे बाहेर ठेवतो, स्वर उतरवितो, दुसऱ्याला वाट देतो. हे नियम आपल्याला जाचक वाटत नाहीत, कारण आपण पाहावयास आलो आहोत, मिरवावयास नव्हे, हे आपण जाणतो. धबधब्यासमोर याहून निराळे काही करावयाचे नाही. कठड्याच्या अलीकडे उभे राहावे, पाण्याच्या गर्जनेत आपला आवाज मिसळू नये, नेले ते परत आणावे, आणि घरी आल्यावर मुलांना त्या नदीचे नाव, तिचा उगम, तिच्यावर जगणारी आणि तिच्यामुळे उठलेली माणसे यांची माहिती द्यावी. एवढे करणारा गृहस्थ शिक्षक नसला तरी त्या दिवसापुरते शिक्षकाचेच काम करतो, आणि त्याचे जाणे सार्थकी लागते.