आप्त कोणाला म्हणावे?



दुखणे सोसणे हा गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वारीत पायाला फोड आले तरी माणूस बोलत नाही, ताप अंगावर काढतो, आणि विचारले तर ‘पांडुरंगाच्या कृपेनं बरं आहे’ म्हणून पुढे चालू लागतो. या सोसण्याला मीही हात जोडतो. परंतु एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. छातीवर दडपण आले आहे, घाम फुटला आहे, समोर डॉक्टर बसले आहेत आणि ‘काय होतंय, बाबा?’ म्हणून विचारीत आहेत. अशा वेळी ‘काही नाही, जरा पित्त झालंय’ असे सांगणे ही सहनशीलता म्हणावी की असत्य?

उत्तर देण्यापूर्वी डॉक्टरांना कळते कसे, ते पाहू.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे जाणणे, हे अनुमान. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात चालते ते काम बहुतांशी अनुमानाचेच. आपल्याला मात्र वाटते की यंत्राने पोटातले, डोक्यातले दाखवले म्हणजे सारे प्रत्यक्ष झाले, आता विचारायचे काय उरले? १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे काचेवर उमटवली, तेव्हा जग थक्क झाले. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. विद्या मोठीच, तिला नमस्कार असो. पण माउली, चित्र म्हणजे धूर. अग्नी त्याच्या पलीकडे आहे.

आणि धूर नाही म्हणून अग्नी नाही, असेही म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा आपल्या शास्त्रातला जुना दृष्टांत. हृदयविकाराचा झटका आलेला असतानाही पहिला ईसीजी सरळ येऊ शकतो. म्हणून जाणता डॉक्टर रुग्णाला लगेच घरी धाडत नाही. ईसीजी पुन्हा काढतो, रक्तातले ट्रोपोनिन तपासतो, काही तासांनी पुन्हा तपासतो. हात टेकून पडलेल्या माणसाच्या मनगटातल्या एका लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबल्यावर रुग्ण कळवळला, तर डॉक्टर चित्र बाजूला ठेवून त्या कळवळण्यावर विश्वास ठेवतात, हात बांधतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. आपल्या वैद्यांनीही रोगपरीक्षेची तीन अंगे सांगितली: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बघून आणि हात लावून झाले तरी विचारणे उरतेच.

आता अर्धांगवायूचे उदाहरण घ्या. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. बोटाला टोचून आधी साखर पाहतात, कारण साखर फार उतरली तरी असेच दिसू शकते. मग सीटी स्कॅन. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो त्यात दिसतो. पण रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर पहिल्या काही तासांत चित्र जवळजवळ निरोगी माणसासारखे दिसू शकते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उशिरा दिले, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना नकळत दिले, तर मेंदूत रक्त वाहून जीव जाऊ शकतो. मग हे कधी सुरू झाले? गोळ्या कोणत्या चालू आहेत? नेहमीच्या सीटीवर घड्याळ छापलेले नसते आणि रुग्णाची वाचा गेलेली असते. काही मोठ्या रुग्णालयांत विशेष चित्रांवरून वेळेचा अंदाज बांधतात, पण तालुक्याच्या गावी ती सोय कुठली? तिथे डॉक्टरांपाशी एकच साधन उरते, सोबत आलेल्या माणसाचा शब्द.

शास्त्राने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे. आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त म्हणजे जो जाणतो, आणि जसे जाणतो तसेच सांगतो. आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातलग. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन धावणारा नातलग हा शास्त्रातल्या अर्थानेही आप्त आहे की नाही, यावर त्या घटकेला एक जीव टांगलेला असतो.

आपण काय करतो? वडील रात्री दहाला नीट बोलून झोपले आणि सकाळी सहाला हात लुळा झालेला आढळला, तर मुलगा सांगतो, ‘आत्ताच सहाला झालं.’ खोटे बोलायचे त्याच्या मनातही नसते. पण शेवटचे धडधाकट पाहिले ते रात्री दहाला, आणि डॉक्टरांना हिशेब तिथूनच धरावा लागतो. काही जण घरच्यांनी उशीर केला हे झाकण्यासाठी वेळ अलीकडे ओढतात. सून दारूचे सांगत नाही, घराची अब्रू जाईल म्हणून. आजी पुडीतल्या औषधाचे सांगत नाही, डॉक्टर रागावतील म्हणून. यात दुष्ट कोणीच नाही. लाज आहे, भीती आहे, मायाही आहे. पण मायेने सांगितलेले असत्यही डॉक्टरांच्या अनुमानात असत्य म्हणूनच उतरते.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, ‘महाराज, डॉक्टर ऐकतात कुठे? आत जाताच तपासण्या लिहून देतात.’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही. जन्मभर कीर्तन केलेल्या माणसाला ठाऊक असते की श्रोता मान वळवून बसला की वक्त्याचा शब्द वाया जातो. डॉक्टरांनी दोन मिनिटे रुग्णाच्या तोंडाकडे पाहून ऐकावे, हा त्यांचा धर्म. पण त्यांनी तो पाळला नाही म्हणून आपला सुटत नाही. ते विचारीत नसतील तर आपण सांगावे, ‘डॉक्टर, एवढं ऐकून घ्या.’

दुसरा पूर्वपक्ष अधिक जवळचा. ‘खरे सांगितले तर मला गाडीत घालतील आणि वारी चुकेल.’ दिवे घाट चढताना छाती भरून आलेला म्हातारा हाच विचार करून गप्प बसतो. साखरेच्या आजारात आणि उतारवयात झटका छातीत न दुखताही येतो. नुसता दम लागतो, घाम सुटतो, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो. बायकांनाही तो पुष्कळदा असाच येतो. म्हणून ‘दुखत नाही’ हेही अर्धेच उत्तर. अशा माणसाला मी एवढेच म्हणेन: पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांच्या देहाची सेवा करीत होता, आणि ती पुरी होईपर्यंत देव विटेवर उभा राहिला, असे आपण मानतो. तो देव तुमचा देह उपचारासाठी थांबला म्हणून रुसेल का? तुम्ही मात्र घाटात कोसळलात, तर दिंडीतली चार माणसे तुम्हाला उचलतील आणि घरची माणसे रडत येतील.

म्हणून सिद्धांत असा. जिथे दुःख आपल्यापुरते आहे, तिथे सोसणे हे तप आहे. जिथे आपल्या शब्दावर दुसऱ्याला जीवनमरणाचा निर्णय करायचा आहे, तिथे दुःख लपवणे असत्य आहे. मग ते नामस्मरण करीत लपवले तरीही. खरे सांगूनही डॉक्टरांचे अनुमान कधी चुकेल. तो मनुष्याच्या ज्ञानाचा काठ आहे, तेवढ्यावरून कोणाच्या अंगावर जाऊ नये. आपल्या हाती आपला शब्द आहे.

यंदा निघण्यापूर्वी एक काम करा. एका कागदावर आपले नाव, आजार, चालू असलेल्या गोळ्यांची नावे, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि घरच्यांचा फोन मोठ्या अक्षरांत लिहून तो पिशवीत ठेवा. शेजारी चालणाऱ्या माउलीला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा. तिला कसे तरी वाटू लागले तर केव्हापासून, हे घड्याळात पाहून लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. एकमेकांचे आप्त होऊन चाला.

रामकृष्णहरी.