अक्षराचे खरेपण

प्रत्येक शब्द खरा असूनही एखादे कथन असत्य असू शकते काय, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या अध्यापकांस नवा नाही. अर्धे सांगून उरलेले गिळणारा साक्षीदार सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु काहीही गिळलेले नाही, अट जिथल्या तिथे लिहिलेली आहे, आणि तरीही केवळ अक्षरांच्या लहानमोठेपणामुळे वाचकाची फसगत झाली, तर त्या असत्याचे कर्तृत्व कोणाकडे द्यावे? 2024 च्या पावसाळ्यापूर्वी हा प्रश्न आम्हांस कोणी घातला असता तर आम्ही तो पोरकट म्हणून सोडून दिला असता.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने निर्णय केला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून अधिक नाही, त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ असावे. निर्णय स्तुत्यच होता. आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने लगोलग जाहिरातीचे एक चित्र करविले. ते कागदावर छापावयाचे नव्हते, भ्रमणध्वनीवरून गावोगाव धाडावयाचे होते. महाविद्यालय कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते चित्र संमत करणाऱ्या पाच जणांत आम्ही एक होतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. चित्र आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केले. तो खामगावास हाच व्यवसाय करतो. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही ओळ त्याने ‘मोदक’ नावाच्या टंकात बसविली, आणि तिच्याखाली बारीक, सडपातळ अक्षरांत प्रवर्ग, उत्पन्न, शुल्काचा प्रकार, सारे काही यथास्थित लिहिले.

‘मोदक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी घडविलेला टंक असून तो कोणासही विनामूल्य मिळतो. त्याची अक्षरे नावाप्रमाणेच गुबगुबीत. इतकी की त्यांच्या पोटातील पोकळ्यांच्या केवळ रेघा उरल्या आहेत. दोनचार शब्द मोठ्या आकारात मांडले तर अक्षरे हसरी दिसतात. त्यातच परिच्छेद लिहू जाल तर काजळाचा डाग होईल. ज्यास या धंद्यातील लोक डिस्प्ले फॉन्ट म्हणतात, त्या मथळ्याच्या अक्षराचा हाच स्वभाव होय. ते वाचण्यापूर्वीच बोलू लागते.

समितीने ते चित्र संगणकाच्या विस्तीर्ण पडद्यावर पाहिले. तेथे बारीक अक्षरही सुवाच्य होते. भाषेचे अध्यापक म्हणून आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासले. इतकेच नव्हे तर बारीक मजकुरात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटले होते, ते शासनाच्या 2009 च्या निर्णयाप्रमाणे मराठी वळणाचे करविले. काही टंकांत दोन्ही रूपे भरलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्रास सांगितल्यावाचून मराठी रूप प्रकट होत नाही, ही माहिती आम्हीच त्या विद्यार्थ्यास मोठ्या ऐटीत पुरविली. अक्षराच्या शुद्धतेविषयी इतकी दक्षता आम्ही क्वचितच दाखविली असेल.

पुढे एके दिवशी लोणार तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलीस व तिच्या पत्र्याच्या पेटीस घेऊन एसटीने आला. प्रवेशाचे कागद सारे नीट होते. मुलीची राहण्याची खोली कोणती, एवढेच त्यास विचारावयाचे होते. वसतिगृहाचे व खानावळीचे पैसे निराळे पडतील, हे कारकुनाने सांगितले तेव्हा त्याने खिशातून भ्रमणध्वनी काढला आणि आमच्यापुढे धरला. “सर, याच्यात तं मोफत लिहेल आहे,” एवढेच तो म्हणाला. आम्ही दोन बोटांनी चित्र मोठे करून खालची ओळ त्यास दाखवू गेलो. ते चित्र हातोहाती फिरून इतके झिजले होते की बारीक अक्षरांच्या जागी नुसता करडा पट्टा उरला होता. ‘मोफत’ मात्र तसेच हसत होते. मुलगी पेटीसह परत गेली. तिने तालुक्याच्या ठिकाणी कला शाखेत नाव घातले असे मागाहून कळले.

विद्यार्थ्यास आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “पण सर, अट लिहिली होती.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आम्हीही मनाशी तेच घोकीत होतो.

1930 साली लंडनमध्ये बिआट्रिस वार्ड या विदुषीने मुद्रकांपुढे एक व्याख्यान दिले. छापील अक्षर स्फटिकाच्या पेल्यासारखे असावे, पेल्याकडे लक्ष न जाता आतील पेय दिसावे, हा त्याचा आशय. महाविद्यालयात असताना आम्हांस हे मत फार पटे. आता वाटते, ते ग्रंथापुरते खरे आहे. ग्रंथ उघडणारा वाचावयास बसलेला असतो. भ्रमणध्वनीवरील चित्रापुढे मनुष्य पळभर थांबतो. तेथे साधे अक्षर वापरले असते तर कदाचित ही सवलत ज्या मुलींस लाभली त्यांच्याही कानी ती गेली नसती. म्हणून मोठ्याने बोलणे हाच दोष, असे आम्ही म्हणत नाही. आमची कसोटी इतकीच: जो केवळ मोठे अक्षर वाचून पुढे निघून गेला, तो सत्य घेऊन गेला काय? अट कोठे लिहिली होती, हा प्रश्न वकिलांचा आहे.

नाटकांच्या शीर्षकांसाठी कमल शेडगे हाताने अक्षरे काढीत. 2020 साली ते वारले. प्रत्येक नाटकास त्यांचे अक्षर निराळे असे, कारण आधी नाव, मग अक्षर, हा क्रम होता. आज अक्षर आधी तयार असते आणि शब्दांनी त्यात शिरावयाचे असते. बुलढाण्याच्या रस्त्यांवर वाढदिवस, बियाणे आणि भावपूर्ण श्रद्धांजली ही तिन्ही एकाच गुबगुबीत अक्षरात पाहावयास मिळतात. अर्थात हाताने काढलेले अक्षर सोवळे होते असे नव्हे; भिंतीवरील गुप्तरोगांच्या औषधांच्या जाहिराती हातानेच रंगविलेल्या असत.

2025 च्या चित्रात ‘शिक्षण व परीक्षा शुल्क माफ; राहणे-जेवणे स्वखर्चाने’ हे सारे एकाच आकारात यावे, असा आम्ही हट्ट धरला. विद्यार्थ्याने प्रयत्न करून पाहिला. मोदकात इतके शब्द मावेनात. ओळी जवळ आणल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीस भिडे, अक्षरे विरळ केली तर शिरोरेषा तुटे. शेवटी त्याने सरळ, मध्यम जाडीचा टंक घेतला. समितीतील एका सभासदांनी चित्र मिळमिळीत झाल्याचे सांगितले, आणि ते तसे झालेच होते. तीन विरुद्ध दोन मतांनी ते संमत झाले.

गेल्या जूनमध्ये एका नातलगाने आपल्या पुतणीसाठी चौकशी करीत आम्हांस जाहिरात धाडली. उघडून पाहतो तो 2024 चेच चित्र होते. करडा पट्टाही आता नाहीसा झाला होता. कोणीतरी तेवढा भाग कापून टाकला होता.