आज्ञावलीतील आप्तवाक्य

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड मागावर उतरते, त्याच्या माथ्यावरून सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डात जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाऊन आकड्याबरोबर उभा धागा उचलला जातो आणि जेथे नसेल तेथे तो खालीच राहतो. परंतु अमुक भोक अमुक ठिकाणी का, याचा दाखला कार्डावर नसतो, तो नक्षीकाराच्या स्मरणात असतो. संगणकाची आज्ञावली याच कुळातली. पायथन भाषेत मात्र कर्त्याला आज्ञेच्या पोटातच तिचा हेतू लिहून ठेवण्याची मुभा आहे, आणि 'पायडॉक' हे २००१ पासून तिच्यासोबत येणारे साधन, काळ्या पडद्यावर एक ओळ टंकताच, तो मजकूर वाचकापुढे ठेवते. तो नसेल तर व्याख्येच्या लगेच वरची टिप्पणी शोधून दाखवते.

हा मजकूर खरा की खोटा, हे यंत्र तपासत नाही. आज्ञा बदलली आणि शब्द जुनेच राहिले, तरी त्याची हरकत नसते. मग आज्ञा प्रत्यक्ष चालवून पाहावी, शब्दाची गरज काय, असे कोणी म्हणेल. मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांनी धर्माविषयी दिलेले उत्तर मला येथेही लागू वाटते: प्रत्यक्षाला केवळ विद्यमान वस्तू दिसते, कर्तव्य दिसत नाही. आज्ञा काय करते हे चालवून कळेल. तिने काय करावयास हवे होते, हे शब्दावाचून कळणार नाही, आणि ते न कळता तिच्यात दोष आहे असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला पोहोचत नाही.

मात्र मीमांसकांचा वेद अपौरुषेय. आज्ञावलीतला हा शब्द माणसाचा. म्हणून येथे नैयायिकांकडेच वळावे लागते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे सांगून न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लावले, हे त्यांचे औदार्य मला फार मोलाचे वाटते. ३ नोव्हेंबर १९७१ रोजी केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीची जी पहिली पुस्तिका सिद्ध केली, तीत आज्ञांच्या वर्णनाखाली ज्ञात दोषांचे स्वतंत्र सदर होते आणि आज्ञेच्या धन्याचे नावही होते. आपल्या कृतीतील उणीव स्वतःच्या नावानिशी नोंदविणाऱ्याची साक्ष आप्ताची मानण्यास मला संकोच वाटत नाही. पायडॉक दाखविते त्या मजकुरात असे सदर सक्तीचे नाही. ते लिहावे की नाही, हे कर्त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले आहे.