बोडक्या डोक्याचा धाक

१८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले, की यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पुढाकार जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. आपल्या सुधारणेच्या इतिहासातली ही घटना मला फार मोलाची वाटते. शिकलेली मंडळी धर्मशास्त्राचे दाखले काढून वाद घालत होती, आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला.

केशवपनामागचा विचार तसा सरळ होता. बाईचे केस नवऱ्यासाठी. तो असेतोवर वेणी, खोपा, गजरा. तो गेला की केसांचे प्रयोजन संपले. विधवेने वेणी राखली तर परलोकी पतीला तिचे बंधन पडते, असा काशीखंडातला दाखला दिला जाई. खरे कारण इहलोकीचेच होते: तरुण विधवा कुणाच्या डोळ्यांत भरू नये. ही चाल मुख्यतः ब्राह्मणांची आणि त्यांचे पाहून चालणाऱ्या काही जातींची. आलवण नेसलेली, कपाळापर्यंत पदर ओढलेली ती बाई घरादाराचा स्वयंपाक रांधी. सकेशा विधवेच्या हातचे देवाला आणि पितरांना चालत नसे, म्हणून सोवळ्यासाठी वपन हवेच. पण तीच बाई घराबाहेर निघालेल्या पुरुषाला समोर आली, की अपशकुन.

यावर त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’त विधवेच्या हालांवरून पुरुषांना धारेवर धरले. आगरकरांनी ‘सुधारक’मधून या चालीची सालटी काढली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूचे केशवपन जबरदस्तीने होते, आणि ते प्रकरण वाचून सुधारणेपासून चार हात लांब राहणारे वाचकही हलले असणार. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी बरीच वर्षे वपन केले आणि पुढे ते सोडून केस वाढवले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ सालचे. वपन करणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी स्वतः भोगलेल्या बाईने लिहिलेले म्हणून ते मुद्दाम वाचावे.

वस्तरा गेला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सगळे त्यात होते. केसांचा उल्लेख करायची वेळच आली नाही, इतकी ती चाल मागे पडली होती.

पण वस्तरा थांबवताना सुधारकांनी मुद्दा कोणता मांडला, हे पाहण्यासारखे आहे. निसर्गाने दिलेले बाईचे रूप विद्रूप करण्याचा कुणालाही अधिकार नाही, हा त्यांचा सूर. त्या काळात हाच मुद्दा लोकांच्या काळजाला भिडणारा होता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्यात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली: केस नसलेली बाई म्हणजे विद्रूप बाई. सनातन्यांना ती तशी हवी होती, सुधारकांना नको होती. बोडक्या डोक्याचा अर्थ कुणी बदलला नाही. बायकांना केस परत मिळाले आणि ते जाण्याचा धाकही त्यांच्याबरोबर घरात राहिला.

पुढची पन्नास-साठ वर्षे हा धाक साध्या घरगुती गोष्टींत वावरत होता. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोहे झाले, की मुलाकडची एखादी वडीलधारी बाई म्हणायची, “केस सोडून दाखव बघू.” लांबी खरी की गंगावनाची, ते तिला पाहायचे असे. गंगावन लावायची चोरी नव्हती, पण ते उघडे पडायची होती. विंचरताना निघालेले गुंतवळ बायका टाकून देत नसत. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा खिडकीच्या गजाआड खोचून ठेवत, आणि दारावर सुया-पोत विकणारी आली की तिला देऊन त्या बदल्यात पिना, फणी घेत. आता तेच केस न्हाणीघराच्या जाळीवर साचतात. अंघोळ झाल्यावर बाई वाकून ते गोळा करते, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात खाली दडपते. घरातल्या कुणाला दिसू नयेत म्हणून.

पुरुषाला टकलाचा आपल्याकडे फारसा धाक नाही. टक्कल पडले की पैसा येतो असे म्हणतात. विनोद होतात, त्यात तो स्वतःही सामील होतो. २०१९ साली टक्कल पडणाऱ्या तरुणावर ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे दोन हिंदी चित्रपट आठवड्याच्या अंतराने आले आणि ‘बाला’ गाजला. त्याच वर्षी केस गेलेल्या मुलीवरचा ‘गॉन केश’ही येऊन गेला. तो किती जणांना आठवतो?

वैद्यकशास्त्रानेही बायकांच्या बाबतीत सावकाशच पाऊल टाकले. पुरुषांच्या टकलाची हॅमिल्टनची वर्गवारी १९५१ सालची. बायकांच्या विरळ होत जाणाऱ्या केसांची लुडविगची वर्गवारी आली १९७७ मध्ये. बायकांमध्ये कपाळावरची केसांची रेघ सहसा तशीच राहते आणि भांग रुंदावत जातो, हे त्यातून नीट मांडले गेले. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा हा उपयोग ध्यानात आला. डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत पुरुषांसाठी १९८८ साली परवानगी मिळाली, बायकांसाठी १९९१ साली.

बायकांचे केस गळायची कारणे मात्र बायकांच्या आयुष्यातच दडलेली असतात. बाळ आईला ओळखून हसायला लागले की आईचे केस गळतात, असे जुन्या बायका म्हणायच्या. बाळाच्या हसण्याचा त्यात काही दोष नाही, पण निरीक्षण पक्के होते. गरोदरपणात केस टिकून राहतात, बाळंतपणानंतर त्यांतले पुष्कळसे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तेव्हाच बाळ हसायला लागलेले असते. मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपासमारीसारखे डाएट, या सगळ्यांनंतर हेच होते. करोनानंतर घरोघरी झाले. हे केस बहुधा परत येतात. लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडले असेल तर ते दुरुस्त करावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला महागड्या तेलाची बाटली घेऊन देणारी घरे मी पाहिली आहेत.

केमोथेरपीत हा प्रश्न सगळ्यांत उघडा पडतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर औषध तुटून पडते आणि केसांची मुळे त्यात सापडतात. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, ताटातल्या भातावर केस. काहीजणी ते बघवत नाही म्हणून आधीच मशीन फिरवून घेतात. काढलेला स्तन पदराखाली झाकता येतो. डोके झाकले तरी झाकलेले दिसते. ज्या आजाराविषयी कुणाला कधी सांगायचे हे तिने ठरवायचे, तो आजार तिचे डोके सगळ्यांना सांगून टाकते. औषध चालू असताना डोके थंड ठेवणारी टोपी आता आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत ती घालणाऱ्या निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांचे केस बऱ्यापैकी टिकले. मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिची चाचणी झाली. पण ती सगळीकडे मिळत नाही.

ओळखीतल्या एका बाईंना केमो चालू असताना दुकानदार, रिक्षावाले विचारायचे, “तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?” त्या “हो” म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि समोरचा माणूस जरा आदरानेच बघायचा. नवसाने उतरवलेल्या केसांत पुण्य असते. गंमत अशी, की तिथे वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि त्यांतले लांब केस विगांसाठी जगभर जातात. त्या बाईंना घरी मात्र वेगळे ऐकावे लागे: “जीव वाचला, केसांचं काय घेऊन बसलीस!” हे म्हणणाऱ्या नातेवाइकांपैकीच कुणीतरी कधीतरी मुलगी बघताना केस सोडून दाखवायला लावलेले असते. बाईच्या केसांना इतके महत्त्व सगळ्यांनी मिळून द्यायचे, आणि ते गेल्यावर तिने रडायचे नाही, हा कुठला न्याय?

अलीकडे बाईचे केस हा तिच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे आपण म्हणू लागलो. हे पाऊल मोठे आहे. कर्करुग्णांच्या विगसाठी मुली कमरेपर्यंतचे केस कापून देतात. जट म्हणजे देवीचा कौल, ती कापली तर घरावर संकट येईल, या भीतीने मानेला रग लागेपर्यंत ती वागवणाऱ्या बायकांना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव समजावतात आणि त्यांच्या संमतीने स्वतः कात्री चालवतात. एका शतकात बाईची सुटका केस राखण्यात होती, दुसऱ्यात ती केस कापण्यातही असू शकते. दोन्हीकडे निर्णय तिचा, म्हणून दोन्ही बरोबर.

पण केस गळतात तेव्हा मर्जीचा प्रश्नच नसतो. तिथे हा नवा विचार थिटा पडतो आणि जुना धाक वर येतो. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या परिसरात, लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने गळू लागले. १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटले. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तातही सेलेनियम कितीतरी जास्त निघाले. बऱ्याच जणांचे केस नंतर परत येऊ लागले. पण मधल्या काळात कॉलेजच्या मुलींचे शिक्षण अडले, ठरलेली लग्ने मोडली. पुरुषांचेही केस गेले होते, तेही घाबरले होते. केस परत यायला काही महिने लागतात. मोडलेले लग्न त्या मुलीला किती वर्षे पुरेल, याची नोंद कुठल्या अहवालात होत नाही.

औषधे येत राहतील. चाईच्या (चट्ट्यांनी केस जाण्याच्या) तीव्र प्रकारासाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणखीही मिळतील. ज्या बाईला केस हवेत तिने जरूर उपचार घ्यावेत. त्यात नटवेपणा काही नाही. तेलाचे आणि कांद्याच्या रसाचे प्रयोग करत वर्ष घालवण्यापेक्षा रक्त तपासावे, त्वचारोगतज्ज्ञाला डोके दाखवावे. बाकीच्यांनी करायचे काम त्याहून सोपे आहे. शेजारच्या बाईची केमो चालू असेल तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे तिला नेहमीसारखेच करा. यायचे की नाही, आणि स्कार्फ बांधून यायचे की नुसते, हे तिचे तिला ठरवू द्या.