पानठेल्यावरची सही

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या आसपास 15 ऑगस्टला सगळ्यांचा जीव धानाच्या बांधीत अडकलेला असतो. झेंडावंदन होतं, मुलं खाऊ घेऊन पांगतात आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर पंधरा-वीस माणसं उरतात. या भागातल्या एका गावात तर नोंदवहीच माणसं शोधत निघालेली मी पाहिली. पानठेल्यावर एका म्हाताऱ्यापुढं ती उघडली गेली.

"काका, सही करा."

"कायची हाय?"

"ग्रामसभेची."

काकांनी खिशातला चष्मा न काढताच पेन हातात घेतलं. ठराव कोणते, घरकुलाच्या यादीत कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

कायद्यानं ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. गाव घरी बसलं तरी गावाच्या नावानं ठराव होतातच. कोणी कोणाला अडवलेलं नसतं. मला धास्ती वाटते ती याचीच.

शहरांतही वेगळं नाही. मुंबई महापालिका मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. निवडून दिलेलं सभागृह नाही, याची हळहळ फारशी ऐकू आली नाही.

मताची किंमत जाणणाऱ्या माणसाची आठवणही आमच्याकडं आहे. आमच्या भंडाऱ्यातून 1954 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येकाला दोन मतं. दुसरं मत कुजवलं तर बाबासाहेबांचं पारडं जड होईल, असा कार्यकर्त्यांचा हिशेब होता. मत वाया घालवा, असं सांगायला बाबासाहेब तयार झाले नाहीत, ही आठवण इकडे आजही सांगतात. ते हरले. त्याआधी, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात देशाचं स्वातंत्र्य आणि लोकशाही टिकेल का, ही चिंता त्यांनीच संविधान सभेपुढं मांडली होती. घटना घडवणाऱ्यालाही जी खात्री नव्हती, ती बाळगून आपण निर्धास्त आहोत.

घरटी एक माणूस आला तरी आमच्याकडच्या बऱ्याच गावांत शंभराचा आकडा सहज भरेल. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तेवढे जमावेत आणि सह्या घेण्याआधी घरकुलाची यादी मोठ्यानं वाचायला लावावी, असं मला मनापासून वाटतं.