आजारपणातले गणगोत

खानदेशात माणूस गेले की गणगोत लोटते. अंत्ययात्रा, द्वारदर्शन, दशक्रिया, गंधमुक्ती... शिरपूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात या दिवसांत घर एकटे पडत नाही. कोणी चहा पाठवते, कोणी सतरंज्या आणते. न सांगता कामे वाटली जातात. त्याआधीच्या महिन्यांत मात्र, तेच माणूस तोंडाच्या कॅन्सरने किंवा पक्षाघाताने खाटेवर असताना, त्या घरात बहुधा एकटी सून नाहीतर बायको राबत असते. कामे वाटून घेण्याची रीत आपल्याकडे आहेच. ती मरणाच्या अलीकडे आणली पाहिजे, आणि तिला शिक्षणाची जोड दिली पाहिजे.

मोठ्या उपचारांसाठी गाठायची मुंबई इथून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर. तिथले उपचार थकले की ‘आता घरी न्या’ असे सांगतात. उपचार थांबतात, आजार थांबत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीच्या जखमा जपायच्या, नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची. जखमेला वास सुटला की नातवंडांनाही त्या खोलीत जाऊ देत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलची भुकटी वापरून तो वास आटोक्यात येतो, हे घरच्यांना कोणी सांगितलेलेच नसते. कापूस वेचणीच्या हंगामात सेवा करणारीचा रोज बुडतो, झोप उडते. भेटायला येणारे फळे ठेवतात, ‘असे कसे झाले?’ विचारतात आणि निघतात. त्यांची माया खरी असते. पण त्या मायेने सेवा करणाऱ्या बाईला तासभराची झोप मिळत नाही.

केरळने याचे उत्तर शोधले. 1993 मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. 1999 पासून मलप्पुरम परिसरात ते शेजाऱ्यांच्या हाती गेले. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणाऱ्याला सोळा तासांचे शिक्षण आणि जाणत्यांबरोबर चार दिवस प्रत्यक्ष काम, अशी त्यांची पद्धत. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, विद्यार्थी त्यात आले. ते औषध देत नाहीत. ते ऐकतात, अंघोळ घालायला हात लावतात, शिधा पोचवतात, दुखणे वाढले की परिचारिकेला कळवतात.

यावर आक्षेप येतो: सरकारचे काम लोकांच्या गळ्यात का? आक्षेप रास्त आहे. फुकटच्या सेवेच्या आडून शासनाने अंग काढून घेता कामा नये. पण केरळात उलटे घडले. लोक आधी उभे राहिले, म्हणून 2008 मध्ये राज्याला धोरण आणावे लागले आणि पंचायतींनी घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. जो शेजारी दर आठवड्याला त्या घरात जातो, तोच ग्रामसभेत ठामपणे विचारू शकतो की औषध का नाही.

आणि औषधाचा प्रश्न मोठा आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ते रुग्णालयांतून जवळपास हद्दपार झाले. 2014 च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही वेदनाशामक शुश्रूषा आहे. यादीतली ही सेवा सातपुड्याच्या पाड्यापर्यंत न्यायला माणसे लागतात. सगळे आशाताईंवर टाकून चालणार नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच बाळंतपणे, लसीकरण आणि सर्वेक्षणे आहेत. शिवाय दुखणे कुठे, कसे, किती, हे म्हातारा पावरी, भिलोरी किंवा अहिराणीतच नेमके सांगतो. ते समजणारा माणूस गावातच असतो.

गावाला सोबत घेण्याची ही वाट शिरपूरने पाण्याच्या कामात एकदा चोखाळली आहे. सुरेश खानापूरकरांच्या भूजलशास्त्राला स्थानिक पाठबळ मिळाले, नाले रुंद-खोल झाले, आणि पाणी पडते तिथेच मुरवायचा ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गेला. शुश्रूषेचेही तसेच आहे: ज्ञान बाहेरून येऊ शकते, ते मुरावे लागते गावात.

सुरुवात मोठी नको. एका गावात दहा जण, त्यांत पुरुषही हवेत, कारण शुश्रूषा बाईचेच काम ही समजूत इथेच मोडेल. शिकवायला जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय, हाताशी उपजिल्हा रुग्णालयाची परिचारिका, मदतीला शिरपूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचे विद्यार्थी. नियम तीन: ठरल्या दिवशी जायचेच, घरातले बाहेर बोलायचे नाही, रुग्णाइतकेच त्याची सेवा करणारीलाही विचारायचे, ‘तुम्ही जेवलात का, झोपलात का?’ एवढे दहा जणांनी वर्षभर निभावले, तर अकराव्याला बोलवावे लागणार नाही, आणि ग्रामपंचायतीला या कामासाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवावीच लागेल.