चाल अमक्याची

आमचा भाचा सुट्टीत पलूसला आला, की एक नवा विषय घेऊन येतो आणि जाताना तो माझ्या डोक्यात ठेवून जातो. यंदाचा विषय होता 'सिंफनिक प्रोग्रेसिव्ह रॉक'. यातलं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. तेवढ्यात आमची पॅसेंजर किर्लोस्करवाडीहून सुटून भिलवडी गाठते. मधे बासरी, मधे चर्चमधल्यासारखा ऑर्गन, मधे नुसतंच वादळ. ऐकून झाल्यावर मी भीत भीत म्हटलं, "छान आहे रे." तर तो उसळलाच. "कसलं छान, मामा! सगळी नक्कल! ही हल्लीची पोरं १९७२ सालच्या जेनेसिसचंच वाजवतात. ओरिजिनल काही नाही." १९८३ मध्ये मॅरिलियन नावाच्या मंडळींची पहिली मोठी तबकडी आली, तेव्हापासून हा आरोप चालू आहे म्हणे.

आता मी पडलो बी. कॉम. जमा आणि नावे यापलीकडे मला जग दिसत नाही. विचारलं, "मग ते मूळचे तरी ओरिजिनल होते का?" भाचा चाचरला आणि इमर्सन, लेक अँड पामर या तिघांची गोष्ट त्यानंच सांगितली. १९७० च्या त्यांच्या पहिल्या तबकडीत बार्टोक नावाच्या हंगेरियन संगीतकाराची रचना बेधडक वापरलेली, पण नाव या तिघांचंच. बार्टोकचं नाव मागाहून घालावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मुसोर्गस्की या रशियन माणसाची १८७४ सालची रचना उचलली. या खेपेला मात्र तबकडीलाच तिचं नाव दिलं, 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'. म्हणजे कर्ज दोन्ही वेळा काढलं, वहीत नोंद एकाचीच.

नोंदीचा हा रिवाज आपल्याकडं फार जुना. आजोबांच्या ट्रंकेत संगीत नाटकांची पुस्तकं होती. पदांच्या डोक्यावर बारीक टायपात छापलेलं असायचं, 'चाल : अमुक अमुक'. शब्द आमचे, सूर त्यांचे, मामला साफ! गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या 'मानापमाना'त उत्तरेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली आणल्या, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवरा'त ख्यालाच्या बंदिशींच्या. वन्समोअर देताना 'चोर, चोर' असं कुणी ओरडल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या पलूसचं नाव तर साक्षात एका गवयाच्या घराण्यानं उचललेलं. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे गाडगीळ. १८७२ त जन्मले कुरुंदवाडला, पण घराणं पलूसचं म्हणून पलुस्कर. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. बुवांनी ती गायकी ग्वाल्हेर घराण्याकडून मिळवलेली. तीच पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून पोरांना वाटली. नवा राग काढला म्हणून काही ते मोठे नव्हेत. गुरूच्या घरी पाणी भरून मिळायची ती विद्या शाळेत फी भरून मिळायला लागली, ही त्यांची करामत. शिष्य हुबेहूब गुरूसारखा गायला, की आपण 'घराणं राखलं' म्हणतो. मॅरिलियननं तेच केलं तर नक्कल! 'रघुपति राघव'ची धून पलुस्करांची मानतात; लोक ती गांधीजींच्या खात्यावर जमा करून मोकळे.

गांधीजींवरून आठवलं. खरं तर ते आठवू नये म्हणूनच मी लाहोरपर्यंत फिरून आलो.

आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. सगळा स्टाफ त्यांना अण्णा म्हणायचा. लग्नसराईत कुणी काउंटरवर "नव्या नोटा आहेत का?" विचारलं, की अण्णा म्हणायचे, "नोटा नव्या आहेत, पण गांधी जुनेच." हे वाक्य मी एका दिवाळी अंकातल्या लेखात घातलं. माझंच म्हणून घातलं. अंक वाचनालयात आला आणि लोकांनी नेमकं तेच वाक्य डोक्यावर घेतलं. बाकीचा लेख अस्सल माझा होता. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अण्णा तेव्हा निवृत्त झालेले. बाजारात भेटले, म्हणाले, "वाचलं. छान जमलंय." एवढंच. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्यानंतर चार वर्षं मी त्यांची गल्ली टाळून, लांबचा वळसा घालून बँकेत जात होतो.

बारा वर्षं शेजारी बसल्यावर माणूस अण्णांसारखा बोलायला लागणारच, त्याची लाज नाही. इकडच्या द्राक्षबागांत खुंट डॉगरिजचा, वर कलम थॉम्पसनचं. बागायतदार खुंटाचं नाव लपवत नाही, उलट तोच आधी विचारतो. आणि मला 'आमचे अण्णा म्हणायचे' हे तीन शब्द जड झाले! तीन शब्दांनी मानधन काही कमी होणार नव्हतं.

भाचा गेला, त्या रविवारी अण्णांकडं गेलो. काकूंनी चहा आणला. मी सगळं कबूल केलं. म्हटलं, "अण्णा, पुस्तक निघेल तेव्हा त्या लेखावर 'चाल : अण्णांची' असं छापतो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "अरे, ते माझं कुठलं? मी तासगावला होतो, तेव्हा तिथला शिपाई म्हणायचा. मी वीस वर्षं फुकट वापरलं. त्याचं नाव घाल."

"काय नाव त्यांचं?"

अण्णा आठवत राहिले. काकूंना विचारलं, बोटं मोडून झाली, एक जुना ग्रुप फोटोही निघाला. त्यात तो माणूस मागच्या रांगेत उभा होता. फोटोखाली फक्त खुर्चीत बसलेल्यांची नावं होती.

"आम्ही सगळे त्याला मामाच म्हणायचो रे," अण्णा म्हणाले.